सैल ट्यूब

आखाजीच्या रात्री बोरीकाठी सोंगाड्या पार्टी उभी राहिली
तेव्हा माझ्याकडे तीन फोन होते.
एक माझा, कोपरा फुटलेला.
एक वहिनीचा, सकाळी सातच्या आत परत करायच्या बोलीवर.
तिसरा आधार मास्तरांचा, बिनसिमचा, फक्त आवाज धरायला;
भांडी घासायचा कोरा स्पंज चिरून
त्याला वाऱ्यासाठी टोपी शिवली होती.

केळीच्या घडाला देतात तो टेकू
सायकलच्या ट्यूबने खुर्चीला आवळला
आणि त्यावर वहिनीचा फोन बसवला.

सुरू होण्याआधी मधोमध जाऊन
मी एकदा जोरात टाळी वाजवली.
लोक हसले, हाही सोंगातलाच वाटला.
ती टाळी नसती तर नंतर
ओठ एका गावाला, शब्द दुसऱ्या गावाला.

हॅलोजन एकच.
चुडामणचा नातू कल्पेश तो बांबूवर धरून उभा,
आणि उजेड ठरत नव्हता,
राजाच्या मुकुटावरून पेटीवाल्याच्या टकलावर,
तिथून कनातीवर.
मी दबक्या आवाजात शिव्या घालत होतो.

दीडच्या पुढे हिलालदादा, म्हणजे राजा,
बोलता बोलता थांबला.
नेमका तेव्हाच उजेडही त्याच्यावरून गेला.
काळोखात राजाने मान वर केली.
ढोलकीवाल्याने कातड्यावर नुसता तळवा ठेवला.
मग उजेड परत आला, शब्द आले:
"राज्य घ्या, पण त्याला उठवा, तो उपाशी निजलाय."
बायांनी पदर डोळ्यांना लावले.
माझ्या मागे कुणी म्हणालं, "देव देखा त्यानी."

चार रात्री, दुकानाचं शटर ओढून,
रिचार्जच्या काउंटरवर बसलो.
लॅपटॉपखाली दोन विटा, मध्ये ओला रुमाल.
फुकटचं सॉफ्टवेअर कोपऱ्यात आपलं नाव छापतं,
त्यावर मी पार्टीचं नाव चिकटवलं, जरा मोठंच.
एकदा चौऱ्याण्णव टक्क्यांवर लाइट गेली.
पुन्हा शून्यापासून.
काळोखातला राजा उजळवायला
ब्राइटनेस इतका ताणला की
त्याचं तोंड राखेसारखं झालं.

वहिनीचा फोन मात्र बाराच्या आधीच कलला होता.
दोन तास त्याने राजा पाहिलाच नाही,
पाहिला तो हॅलोजनखालचा पोरगा.
पुसणारच होतो,
पण हात सवयीचे, टाळीवर टाळी बसवून गेले
आणि दोन्ही चित्रं शेजारी चालू लागली.

इकडे राणी बोलते, तिकडे कल्पेशचे ओठ.
प्रधान, शिपाई, पोर हरवलेली बाई,
सगळी त्याच्या तोंडात, बिनआवाजाची.
भांडण आलं की बांबू हलतो.

मग एक वाजून बत्तीस.
इकडे राजा थांबतो.
तिकडे पोरगा बांबू वाकवतो,
हॅलोजन स्वतःच्या तोंडावर घेतो,
डोळे गच्च मिटून
एकेक अक्षर मोठं करून दाखवतो,
पहिलीच्या वर्गात दाखवतात तसं.
नाकावर एक पाखरू बसलेलं आहे.
तो ते उडवत नाही.

मास्तर म्हणाले, "काढी टाक ते. हिलालनी इज्जत जाई."
काढलं.

हिलालदादा आले ते एकटेच, दुपारी, चष्मा घेऊन.
तीनदा पाहिलं. चहा निवला.
उठताना एवढंच,
"मास्तर त्याले कितला देस?"
मला माहीत नव्हतं.

गुरुवारी अमळनेरचा कार्यक्रम, कार्ड बत्तीस जीबीचं एकच,
रिकामं करावं लागलं.
एक्केचाळीस सेकंद तेवढे ठेवलेत,
'जुनी बिलं' नावाच्या फोल्डरमध्ये.
ट्यूब नवी घेतली, तीस रुपयांची.
बांधताना
जरा सैलच ठेवली.