नऊ म्हणजे इतर

पडद्यावर जुलैचा खांब
बाकीच्या महिन्यांच्या डोक्यावरून वर गेलेला.
नाकारलेलं दूध, कारण क्रमांक नऊ.
एक म्हणजे आंबलेलं,
दोन म्हणजे औषधाचा वास,
तीन म्हणजे पाणी,
मध्ये काहीबाही,
आणि नऊ म्हणजे इतर.

वारुइंगी साहेब पेन आपटत म्हणाले,
"इतर वाढतंय, म्हणजे प्रकरण गंभीर आहे.
नवी शीतटाकी घेऊ. चाळीस लाख शिलिंग.
न्योकाबी, तुझ्या तक्त्यात तसंच दिसतंय ना?"

तक्त्यात तसंच दिसत होतं.
बघणाऱ्याला घाई असली
की तक्त्यात काहीही दिसतं.

मी आठवडा मागून घेतला.

पहाटे पाच. ओल कालोऊचं संकलन केंद्र.
गवतावर गोठलेलं दव,
गाढवगाड्यांवरून उतरणारे कॅन,
दुधाची वाफ, गाढवांची वाफ, माणसांची वाफ.
काट्यापाशी किनुथिया.
हातात बायकोने विणलेले जाड हातमोजे,
आणि यंत्रावरची बटणं हरभऱ्याएवढी.
एक दाबायला जावं तर चार लागतं,
चार लागलं की सगळं पुसा, पुन्हा भरा,
मागे रांग खोळंबून शिव्या घालतेय.
नऊ तेवढं वरच्या कोपऱ्यात,
अंगठ्यालाही सापडतं.

"मग नऊ म्हणजे काय?" मी विचारलं.
"थंडी," तो म्हणाला.

तीन वर्षं आम्ही थंडीची सरासरी काढत होतो.
त्रैमासिक अहवालात तिला निळा रंग दिला होता.

मग त्याने खिळ्यावरचं कॅलेंडर उलटं केलं.
मागे पेन्सिलीने
तारीख, सभासद क्रमांक, एक शब्द.
तारीख, सभासद क्रमांक, एक शब्द.
"कुणी विचारलं तर असावं म्हणून," तो म्हणाला.
कुणी विचारलं नव्हतं.

चार रात्री मी ते कॅलेंडर टंकत बसले.
शब्द आंबले होते बहुतेक,
आणि आंबलेले सगळे पुलापलीकडचे,
जिथे ट्रक शेवटी पोचतो
आणि धारोष्ण दूध तासभर रस्त्याकडेला वाट बघतं.
बस, एवढंच.
ट्रक आधी तिकडे पाठवा.
टाकी नको.
आणि बोटं उघडी राहतील असे हातमोजे, जोड तीन,
सातशे वीस शिलिंग.
साहेबांनी दोनदा विचारलं,
सातशे वीस हजार ना?

एवढ्यावर टाळ्या वाजल्या असत्या.
पण कॅलेंडरच्या तेरा ओळी
मी अजून भरल्या नव्हत्या.
तेरा तारखा, एकच सभासद, एकच शब्द:
पाणी.
चारशे सतरा.
तो आकडा मी शाळेच्या प्रत्येक अर्जावर लिहिला होता,
पालकांचा व्यवसाय, या रकान्याखाली.

रविवारी घरी गेले.
आई कॅन घासत होती, घासतच राहिली.
मी यंत्राबद्दल बोलले, हातमोज्यांबद्दल,
पुलाबद्दल तर फारच बोलले.
तिने कॅन उन्हात पालथा घातला.
"तुझ्या कॉलेजच्या फीमध्येही
थोडी नदी होतीच, न्योकाबी," ती म्हणाली.
"तेव्हा नाही चव लागली ती?"
आणि चहा ठेवायला आत गेली.
चहा घट्ट होता. घरचं दूध ती कधी पातळ करत नाही.

सोमवार.
अहवाल दहाला पाठवायचा.
ओळ पहिली, तारीख भरली, क्रमांक भरला.
कारणाच्या चौकोनात
रेघ उघडझाप करत उभी.
तीन खाली होता.
नऊ वरच्या कोपऱ्यात.
खोलीत हीटर चालू होता,
माझी बोटं उघडी होती.