बोट लागली ती जागा

चोडणच्या वाचनालयात शुक्रवारी चार वाजता मुलं येतात.
चपला दाराशी, तळव्यांना लाल माती.
मी आधी पुस्तक उघडतच नाही.
पुस्तक म्हटलं की ती खिडकीबाहेरचा बिमलीचा घोस मोजू लागतात,
म्हणून मी माणसांपासून सुरुवात करते.

'म्हार्दोळच्या इंदुमतीबाई,' मी सांगते,
'कादंबरी लोणच्याच्या बरणीत ठेवायच्या.
वाळवी शिरत नाही, पावसात शाई फुटत नाही,
आणि सासरे तिखट खात नसत, त्यामुळे त्यांचाही हात पोचत नाही.
छापखान्यातल्या जुळाऱ्याला म्हणे
तिसऱ्या प्रकरणापाशी हटकून भूक लागायची.'
रोशल पुस्तक उचलून हुंगते.
'टीचर, नुसता धुळीचा वास.'

'आणि साळगावचे इनास मास्कारेन्य
नवं तियात्र लिहिलं की पहिल्यांदा डुकराला वाचून दाखवायचे.
डुकराचं नाव बाराव.
बारावानं कान हलवले, तर पान ठेवायचं.
चिखलात लोळला, तर फाडायचं.'
'किती फाडली?'
'दोन पोती.'
'आणि नाताळात बारावाचं काय झालं?'
इथं मला दर वर्षी ठसका लागतो.

मग माझा हुकमाचा पत्ता.
भिंतीवरची तसबीर, टोपी कलती, एक डोळा काचेच्या डागाखाली:
उपेंद्र भोबे, आपल्याच बेटावरचे.
'सकाळी फेरीत चढायचे आणि उतरायचेच नाहीत!
चोडण ते रायबंदर, रायबंदर ते चोडण,
गुडघ्यावर वही, कानावर पेन्सिल, दिवे लागेपर्यंत.
पाणी हललं की त्यांना शब्द सुचायचे.'
मी फळ्यावर लिहिते: विक्षिप्त.
अर्धा वर्ग 'क्षि'ला अडखळतो, उरलेला हसतो.
बारा वर्षं मी हे असंच सांगते,
बारा वर्षं इथंच हशा येतो.

प्रज्योत हसला नाही.
'टीचर, म्हजो पणजो त्या बोटीर खलाशी आसलो.'
मग माझ्याकडे बघून, शाळेच्या भाषेत, सावकाश:
'त्यांच्या घरात अकरा माणसं होती. खोली एक.
बसायला जागा नव्हती.
पणजो त्यांचं तिकीट फाडत नव्हता.'

वर्गात पंख्याचाच आवाज.
रोशल म्हणाली, 'आमच्याकडं पण मी न्हाणीत अभ्यास करते.'
कुणीतरी म्हणालं, 'मी माडावर.'
'थापा!'
'आईची शपथ, अर्ध्यापर्यंत.'

मला काही सुचेना, म्हणून मी कपाट उघडलं.
भोब्यांच्या वहीच्या झेरॉक्स तिथं पडून होत्या,
मुलांना काय कळणार म्हणून मी कधी काढल्या नव्हत्या.
अक्षर बारीक, ओळी सरळ, मुंग्या चालल्यासारख्या.
मध्येच एका शब्दाला हिसका,
वेलांटी पार वरच्या ओळीत घुसलेली.
पुन्हा सरळ. पुन्हा हिसका.
मी हे बघितलं होतं. वय झालं असेल, असं मनात म्हणून
झेरॉक्स परत ठेवल्या होत्या.

प्रज्योतनं त्या हिसक्यावर बोट टेकवलं.
'हांगा बोट लागली.'
मग पुढच्या हिसक्यावर. 'ही रायबंदरची.'
'कशावरून?'
'तिथला धक्का जोरात लागतो.'

सगळी मुलं पानावर ओणवी.
चोडण. रायबंदर. चोडण. रायबंदर.
एका पानात चार फेऱ्या, दुसऱ्यात सातच ओळी आणि पाच फेऱ्या.
'या दिवशी काय सुचत नव्हतं त्यांना,' रोशल म्हणाली,
जणू तिचे शेजारीच होते.
एका जागी बराच वेळ हिसका नाही,
सबंध परिच्छेद संथ, नितळ.
'हे काय?'
प्रज्योतनं विचार केला. 'बोट बंद पडली असणार.'

पाच वाजले. धक्क्यावरून भोंगा आला.
चपलांची अदलाबदल, ढकलाढकल, 'बाय टीचर',
आणि मी एकटी, समोर फळा.
पुसायला डस्टर उचलला.
शब्द तसाच होता, खाली कुणीतरी खडूनं
एक होडी काढली होती
आणि 'क्षि'ची वेलांटी ओढून
तिच्या शिडापर्यंत नेली होती.