परतीचा माल

ब्रह्मपुरीहून सकाळी सहा-चाळीसची एसटी,
मांडीवर स्टीलची पेटी, अकरा किलो.
कंडक्टर रोजचाच. तरी रोज विचारतो,
काय आहे जी आत?
मी म्हणतो, हाडं.
तो लगेजचं तिकीट फाडतो, अर्धं.

आत रांगेनं बसलेले स्क्रू,
चौदा, सोळा, अठरा, वीस.
आमच्यात विषम आकडा नसतो.
कोणाचं हाड सतरा भरलं
तर त्याला अठराचा.

आरमोरीला डॉक्टर वैरागडे आत असतात
तेव्हा मी दाराबाहेर, बाकावर, चपला काढून.
ड्रिलचा आवाज येतो
सुताराकडं येतो तसाच, फक्त थांबून थांबून.
मधेच सिस्टर दार किलकिलं करते,
बत्तीसचा नाही का?
असतो. असावाच लागतो.
माणूस टेबलावर उघडा असताना
नागपूरला फोन लावता येत नाही.

मग पेटी बाहेर येते, कोमट,
आणि मी मोजायला बसतो.
हा धंदा असा आहे:
जे परत आलं नाही
तेवढंच विकलं गेलं.
रजिस्टरात दोन रकाने, गेले आणि परत.
दोहोंतला फरक कोणाच्या तरी अंगात
बांधीत धान रोवतो, हातपंप मारतो,
मंडईच्या नाटकाला रात्रभर उकिडवा बसतो
डॉक्टरांनी नको म्हटलेलं असताना.

गेल्या बुधवारी बाकापाशी एक बाई उभी.
खताच्या पोत्याच्या तुकड्यात काही लांब गुंडाळलेलं.
कार्डावर तुमचा नंबर होता, म्हणाली.
सात वर्षं कार्ड देवाच्या फोटोमागं.
यमुनाबाई गुरनुले. मालक दसाराम,
वडसा रस्त्यावर गाडीला रानडुक्कर आडवं आलं
तेव्हाचं नेल. नऊ बाय तीनशे चाळीस.
मला आठवलं. माणूस नाही, माप आठवलं.

पाय चांगला चालला जी, ती म्हणाली,
छातीनं दगा देल्ला.
राख सावडताना हे भेटलं.
पोरं म्हणत, टाकून दे नदीत.
म्या म्हटली, हाडं आपली, हे कारखान्याचं,
जे आपलं नाही थे कायले बुडवाचं?
चारातले तीन बोल्टही होते, चहाच्या पुडीत.
चौथ्यासाठी तिनं दोनदा माफी मागितली.

सांगू शकलो असतो
की हे पुन्हा कोणाला बसत नाही,
की पैसे केव्हाच फिटले, की बाई, हे तुमचंच.
सांगितलं नाही. दोन्ही हातांनी घेतलं.
जाळानं निळं-तांबूस झालेलं.
बाकावर ठेवून पाहिलं,
वरच्या टोकाचा बाक कारखान्यातलाच,
बाकी सरळ.

परतीच्या गाडीत पेटीत ठेवलं नाही, हातात धरलं.
वैनगंगेच्या पुलावर गाडी आदळली
तशी नळीतून चिमूटभर राख
पँटवर सांडली.
तिनं तीनदा धुतलं होतं, सांगत होती;
आतून कसं धुणार.
मी खिडकीबाहेर हात काढला
आणि नेल उलटं धरलं.
हात आत घ्या जी, कंडक्टर ओरडला.
घेतला. पँट झटकायची राहिली
आणि पूल संपला.

रात्री शेठ फोनवर म्हणाले,
सात वर्षांपूर्वीचं बिल, कॉम्प्युटर घेणार नाही.
दे टाकून भंगारात.
मी रजिस्टर काढलं. परतच्या रकान्यात
पेन्सिलनं लिहिलं,
नेल एक, बोल्ट तीन.
चौथ्याचं काय लिहावं
ते सुचेपर्यंत नागभीडहून फोन,
मनगट आहे, मुलगी नऊ वर्षांची,
तारा घेऊन ये,
बारीक, असतील त्यात सगळ्यात बारीक.