तीन मिनिटं

ड्रमकील नावाचं गाव आधी नव्हतंच.
दलदल होती. तिच्यावर दोन कंपन्यांचे रूळ
नाइलाजानं जवळ आले,
सोयरीक झाली पण बोलणं नाही, तसे.

कौन्सिलनं मला मोजायला पाठवलंय.
टेप, कॅमेरा, आणि रकाने छापलेला कागद.

"साल लिही एकोणीसशे दोन," अट्रॅक्टा म्हणते,
"भांडण त्याच्या आधीचं."
पूर्वेची गाडी दहा अठराला सुटायची,
पश्चिमेची दहा एकवीसला यायची.
साठ वर्षं कुणी मागे सरलं नाही.
पुढची थेट अडीचला.
म्हणून आधी चहाची किटली आली,
मग बाक, मग बेकरी, मग गुत्ता,
सगळ्यांत शेवटी पाद्री.
स्लायगोहून निघालेला एक शिंपी त्या बाकावर बसला
आणि तिचा आजोबा झाला.

मालधक्का: दगड शाबूत. आत खताच्या गोण्या.
सिग्नलची केबिन: बावीस खटक्यांतले नऊ उरलेत,
त्यांवर मलाकी मोजे वाळवतो.
पूल: भंगारात गेला. चार दगडी पायऱ्या आहेत,
वर जातात आणि थांबतात.
इंजिन फिरवायचा खड्डा: गोल, पाण्यानं भरलेला.
खोली लिहिता आली नाही, काठी टेकेना.

दोन वेटिंग रूम मिळून तिचं स्वयंपाकघर.
मधली भिंत नवऱ्यानं पाडली,
रूळ उचलले त्याच्या दुसऱ्या दिवशी,
उसन्या घणानं, चहाच्या वेळेपर्यंत.

तिकिटाची खिडकी मात्र ठेवलीय.
खाली तिच्या वडिलांची वही, ओल लागून फुगलेली.
एकेरी. एकेरी. एकेरी, बंदरापर्यंत.
परतीचा रकाना कोरा, इतका स्वच्छ
की तिनं त्यात नंतर दुधाचा हिशोब मांडला.
"हे कोलमनचं," ती बोट ठेवते. "वय सतरा.
घर पन्नास पावलांवर, तरी दहा अठराची चुकली त्याला.
बाबा काही बोलले नाहीत, तिकीट बदलून दिलं.
आईनं त्या चार तासांत
तोच सदरा दोनदा इस्त्री केला."

सद्यःस्थिती: मी पेन्सिल उचलते, ठेवते.
बाहेर पाऊस नाही, पण सगळं ओलं आहे.

ती खिडकीतून सहा अंडी सरकवते, वर्तमानपत्रात बांधलेली.
"गाडी कुठे लावलीस?"
"फलाटावर," मी म्हणते.
ती मान वळवून बघते,
बघतच राहते.