फाटकाचे कान

रात्रपाळी. नदीपलीकडे आर्मेनिया,
अलीकडे मी, थर्मास आणि दोन पिवळे खांब.
खांबांना ऐकू येतं,
आपल्याला येत नाही ते.

गेल्या आठवड्यात ते केळ्यांच्या ट्रकवर ओरडले,
मग फरशांवर, मग खताच्या पोत्यांवर,
आणि मंगळवारी म्झेविनारबाईंवर.
त्या येरेवानहून गळ्याचा इलाज करून परतत होत्या,
औषध अजून अंगात होतं.
"मी काय चोरलं रे?"
म्हटलं, काही नाही मावशी, थोडा उजेड आहे तुमच्यात.
त्या हसल्या नाहीत.

माझं गाव वरच्या अंगाला, जुन्या छावणीला लागून.
लष्कर गेलं तेव्हा मी नऊ वर्षांचा.
त्यांनी दारं नेली, खिडक्या नेल्या,
नळाच्या तोट्यासुद्धा मोजून नेल्या.
यादीत नव्हतं तेवढं राहिलं.

नुगझारकाकाला ते जंगलात सापडलं:
मापट्याएवढा डबा,
भोवती हातभर बर्फ, आणि त्याच्या बुडाशी
जानेवारीतली कोरडी, वाफाळती माती.
त्याने तो पाठीशी घेऊन रात्र काढली.
लाकडं तोडून दमलेला माणूस
ऊब कुठून आली हे विचारत नाही.

पाठ तीन वर्षं भरली नाही.
काकू सकाळी पट्टी बदलायची, म्हणायची,
"शिव्या तरी कुणाला घालू?
ज्या देशाचा हा डबा, तो देशच उरला नाही."

नंतर परदेशी साहेब आले. खांब दिले,
तीन दिवस शिकवलं, जेवण चांगलं होतं.
भिंतीवरच्या नकाशात आमच्या चिमूटभर देशातून
लाल बाण काढले: इथून निसटेल, इथून निसटेल.
त्यांना भीती, काय बाहेर जाईल याची.
आम्हाला, जे कधी गेलंच नाही त्याची.
त्यांचीही खोटी नाही. मी ती पगार घेऊन राखतो.

पावणेचारला भंगाराचा ट्रक. गोचाचा.
खांब गप्प.
पण शिशात गुंडाळलेलं असलं तर खांब बहिरे,
हे त्या तीन दिवसांतच शिकवलं होतं.
गोचा कागद पुढे करतो, जांभई देतो,
"सोड ना, पोरांना शाळेत सोडायचंय."

मी हातमोजा काढतो,
ट्रकच्या पत्र्यावर तळहात टेकवतो.
गार.
गारच आहे.
तरी जरा वेळ तसाच ठेवतो.