गार

पार्सल आलं तेव्हा कुकरची दुसरी शिट्टी होत होती.
खोक्यात कापूस, कापसात पाच खडे
आणि एक गुळगुळीत कार्ड:
जांभळा झोपेसाठी, गुलाबी मनासाठी,
पांढरा सगळ्यासाठी.

निवेदितानं बजावलं होतं,
मिठाच्या पाण्यात धू, पौर्णिमेला गच्चीवर ठेव.
धुतले. पौर्णिमेची वाट नाही पाहिली.
गोडोलीतल्या आमच्या गच्चीवर चांदण्याआधी
टाक्या आहेत, डिश आहेत,
वाळत घातलेल्या कुरडया आहेत कुणाच्या तरी.

कपाटाशेजारी हातभर जागा होती,
शिलाई मशीन विकल्यापासून रिकामी.
पुसून घेतली. खणाचा तुकडा अंथरला,
तांब्याचं तबक, एक पणती,
आणि ते पाच जण,
आजारी बाईला भेटायला आलेले पाहुणे
अवघडून बसतात तसे.

खिडकीत अजिंक्यतारा. त्यावरचा लाल दिवा
रात्रभर उघडझाप करतो.
मीही.

पांढरा खडा मुठीत धरला,
शांत वाटेपर्यंत धरायचा असतो म्हणे.
शांत नाही वाटलं.
हाताला तो ओळखीचा निघाला.

वाढे फाट्यापलीकडच्या खाणीवर
अप्पा सुरुंगाची भोकं पाडायचे.
उभ्या काळ्या फत्तरात कधी एखादं पोट फुटायचं
आणि आत, दातांनी गच्च भरलेला जबडा उघडावा तसे
पांढरे, हिरवट सुळके.
"गार लागली," अप्पा म्हणायचे, आणि थुंकायचे.
गार लागली म्हणजे आज ब्रास भरत नाही,
बोटं मात्र कापतात.
मुकादम गोणपाट घेऊन पळत यायचा,
तान्हं उचलावं तसा उचलायचा तो तुकडा.
संध्याकाळी पुण्याची गाडी.
आम्हाला बिस्किटांचा पुडा.

खाली पडलेल्या कपच्या आमच्या.
रात्री पालात, वाकळेत डोकं घालून
मी आणि गंगी दोन गारा एकमेकींवर घासायचो.
दगडाच्या आत, अगदी आत,
पिवळा उजेड लवायचा,
आणि केस जळाल्यासारखा वास.
गंगी म्हणायची, दगडाला सपान पडतंय.
वाकळेबाहेर अप्पांचा खोकला.
तो चालू आहे म्हणजे सगळं ठीक आहे,
असं समजून आम्ही झोपायचो.

मी नववीत होते. सिव्हिलच्या डॉक्टरांनी
फोटो खिडकीच्या उजेडाला धरला.
बरगड्यांच्या मागे
पांढरे पांढरे ठिपके, दाटीवाटीनं.
मला चांदण्या वाटल्या.
कुणाजवळ बोलले नाही.

आता हा खडा म्हणतो, बरं करीन.
त्याचा दोष नाही. तो काहीच म्हणत नाही,
म्हणतं ते कार्ड.
मी त्याला तबकातून काढलं नाही.
माळ्यावरून फक्त अप्पांची छन्नी उतरवली,
घाव खाऊन खाऊन डोकं
फुलासारखं बाहेर वळलेलं,
आणि ठेवली शेजारी.
हे बघून म्हणाले, लोखंड कशाला इथं?
म्हटलं, राहू दे.

रात्री दोनला उठले.
पणती विझली होती.
पांढरा घेतला, गुलाबी घेतला,
पांघरूण डोक्यावरून ओढलं
आणि घासले.
सव्वीसशे रुपयांच्या अंगावर ओरखडा उठला.
उजेड आला. तोच पिवळा.
वासही तोच.

मग अंधारात तशीच पडून राहिले
कान बाहेर लावून,
कुणी खोकतंय का.
फार वेळानं, कुणीच न खोकता,
झोप लागली.