ताजेपणीचा रंग

कातळावर माती बोटभर,
तीही भाद्रपद सरेपर्यंत.
तेवढ्यावर सडा उभा राहतो फुलांनी
आणि मी ओणवा,
मुळाखाली चाकूचं टोक सरकवत,
तुटू न देता.

मग रकाने.
गाव: कोंडसखल. तालुका: राजापूर.
उंची: समुद्रसपाटीपासून नव्वद मीटर.
(समुद्र इथून दिसतो,
ताडपत्री टाकून ठेवल्यासारखा.)
आढळ: डबक्याकाठी, पाणी झिरपतं तिथे.
रंग: निळा.

इथे पेन अडतं.
वाळल्यावर सगळेच निळे
चहाच्या डागासारखे होतात,
आणि पुढे कधीतरी कुणीतरी
माझ्या या एका शब्दावर विसंबणार.
कुठला निळा?
शाळेच्या शर्टाचा,
थोरल्याकडून धाकट्याकडे आलेल्या.
असं लिहीत नाहीत.
लिहितो: फिका निळा, घशाशी पिवळा ठिपका.

स्थानिक नाव:
गुरांमागे अनसूया मांडवकर,
डोक्यावर खताच्या पिशवीची खोळ.
"ह्येला नाव कसला? गुरा तोंड लावीत नाय."
मी पेन धरून उभाच.
तिला दया आली असावी.
"लिवा मैनुली."
लिहिलं.

रात्री खोलीत साठ वॅटचा दिवा,
दाबपट्ट्या, जुनी वर्तमानपत्रं.
कागद रोज बदलायचे,
एक दिवस चुकला की बुरशी.
एका पानावर वधू पाहिजे,
एकावर कातळजमीन विकणे आहे, चिऱ्यास योग्य.
त्या जाहिरातीवरच ते पसरलेलं होतं,
मुळं दराच्या आकड्यापर्यंत.

पुढल्या श्रावणात गेलो.
पोराला विचारलं, मैनुली आली का रे?
त्याने बोट दाखवलं
तांबड्या गायीमागच्या पाडीकडे.

पत्रक चारशे बारा तोवर
शिवून, शिक्का मारून पुण्याला गेलेलं.
अनसूयाबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या.
"नाव घेतल्याबिगर हलला नसताव तुमी."

दुरुस्तीचं पत्र लिहायला घेतलं.
दोन ओळी झाल्या. राहिलं.

पाडी त्यांनी शिमग्याआधी विकली,
कुणाला ते मी विचारलं नाही.
यंदा मला सड्यावर चढताना पाहून
त्यांनीच लांबून हाक दिली,
"आली हो मैनुली, डबक्याच्या अंगाला!"

यंदा जरा गडद आहे.
वहीत टिपलं.